चार पानी माफीनामा

सांगू की नको, सांगू की नको, असं दोन वर्षं चाललंय माझं. पण आज चहा फक्कड जमलाय, तुम्ही आमच्या गावचे नाही, आणि ज्या साहेबांना मी शब्द दिला होता त्यांची बदली होऊन गेली. तेव्हा माझ्या फजितीची ही गोष्ट आता ऐकाच. फक्त कप खाली ठेवा. नाकातून चहा आला तर मी जबाबदार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेला मास्तर. वर्ध्याकडच्या आंजीपासून जवळच आमचं गाव, घरामागे दीड एकर वांगी-टमाटर. गावात सगळे मला गुरुजी म्हणतात. इथवर ठीक. पण रिटायर मास्तर मोकळा दिसला की गाव त्याला कशाचा तरी अध्यक्ष करतं. मला केलं स्वच्छता समितीचा!

आणि मी काही नावापुरता अध्यक्ष नव्हतो हां. गळ्यात शिट्टी अडकवून सकाळी सकाळी नाल्याकाठी हजर. कोणी डबा घेऊन दिसला की फुर्रर्र! माणूस एकीकडे, डबा दुसरीकडे. गावातल्या भिंतींवर माझ्या अक्षरात म्हणी लिहिल्या होत्या, 'उघड्यावर जो बसे, गाव त्याला हसे.' पंचायत समितीनं माझं नाव 'स्वच्छतादूत' म्हणून पक्कं केलं. शाल, नारळ, फोटो, भाषण. सोमवारी सत्कार.

आणि नेमका अशा माणसाला त्रास कसला व्हावा? लघवीचा!

म्हणजे घाई अशी, की जणू घराला आग लागली आहे. धावत जा. आणि गेलं, की काहीच नाही! नळाला पाणी यायच्या आधी नळ नुसता फुसफुसतो ना, तसं. एक थेंब. वाट पाहा. दुसरा थेंब. बाहेर येऊन नाडी बांधली रे बांधली, की पुन्हा आग! रात्री तर पाच-पाच वेळा उठायचो. शेवटी आमची सौ., सुमन, एका सकाळी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रातभर गस्त घालून राह्यले का जी तुमी? माह्या झोपेचं पार खोबरं केलं."

"अवं, वयाचं असते ते."

"वयाचं असते तं मले काऊन नाई?"

आता याचं उत्तर डी.एड.ला शिकवलं नव्हतं आम्हाला.

खरं सांगू का, मला कोणाला दाखवायचंच नव्हतं. गुडघा दुखतो हे माणूस बसस्टँडवर अनोळखी माणसाला सांगतो. पित्त झालं तर ते आख्ख्या लग्नमंडपाला सांगतो. पण हे? हे कोणाला सांगणार? पण सुमनपुढे काय चालणार! मला वर्ध्याला लघवीच्या विकारांच्या डॉक्टरकडे नेलं. गाडी मी चालवत होतो, पण नेलं तिनंच.

तिथं रक्त घेतलं. लघवी घेतली. मग सोनोग्राफीसाठी म्हणून पाणी पाजलं. एक बाटली. दुसरी बाटली. वर सिस्टर म्हणते, "काका, प्रेशर आलं की सांगा." अहो ताई, प्रेशर तर मी घरूनच घेऊन आलोय! सोनोग्राफी झाली. "आता रिकामं करून या," म्हणाले. मी आपला इमानदारीनं जाऊन आलो. पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "काका, अजून बरंच शिल्लक आहे. बाकीचे रिपोर्ट दोन-तीन दिवसांत फोनवर कळवू."

ते 'शिल्लक' घेऊन मी गाडीला किक मारली.

अर्ध्या वाटेवर शिल्लक बोलू लागली. कुठल्या रस्त्यावर, ते विचारू नका. मी हँडल घट्ट धरलं, दात घट्ट धरले, नको ते सगळं घट्ट धरलं.

"थांबा ना जी थोडं, समोर ढाबा हाय," सुमन मागून म्हणाली.

"आता ढाबा नाई अन् काई नाई!"

एक लांबलचक पांढरी भिंत दिसली. मागे निंबाचं झाड. गाडी उभी केली, सुमनला पहाऱ्यावर ठेवलं आणि भिंतीला सामोरा गेलो. आणि काय सांगू, त्या दिवशी नळाला पाणी आलं! महिनोन्‌महिने असं आलं नव्हतं. डोळे मिटले गेले माझे. सुख सुख म्हणतात ते हेच, असं वाटलं.

डोळे उघडले आणि वर पाहिलं. भिंतीच्या टोकाला कॅमेरा. सरळ माझ्याकडे तोंड करून.

नाडी बांधत बांधत पुढच्या बाजूला आलो. निळ्या-लाल पट्ट्याचा बोर्ड. पोलीस चौकी!

स्वच्छतादूतानं भरदिवसा पोलीस चौकीच्या भिंतीवर... अहो, शिट्टी फुंकणारा मी! गाडी अशी पळवली, की सुमनचा पदर गावापर्यंत वाऱ्यावरच होता.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी वांग्यावर फवारणी करत होतो. पाठीवर पेट्रोलचा पंप, त्याचा घर्रर्र आवाज, आणि खिशात फोन वाजला. अनोळखी नंबर. पंपाचं बटण पाठीमागे, हात पोचेना. तसाच उचलला.

"हॅलो, गुरुजी बोलताय का?" बाईचा आवाज. पुढचं मला जसं ऐकू आलं तसं सांगतो. "...मधून बोलतेय... घर्रर्र... पीएसआय आलेत तुमचे."

"कोण आले?"

"पीएसआय! आणि लघवी... घर्रर्र... सापडलंय."

माझ्या पायाखालची वांगी सरकली. "मॅडम, सापडलं? कोणी पाह्यलं?"

"सरांनी स्वतः बघितलंय. तुम्ही उद्याच या. उशीर केला तर केस बिघडेल."

"मॅडम... आत घेतीन का मले?"

"आत घ्यायचं का, ते सर ठरवतील. घरचं कोणीतरी सोबत आणा. आणि घाबरू नका, काका."

घाबरू नका म्हणे! असं म्हटल्यावर आजवर कोणी घाबरायचं थांबलंय का?

तसाच पंपासकट घरी आलो. सुमन तांदूळ निवडत होती.

"सुमन, गेलो वं मी! पीएसआयचा फोन होता. आपलं त्या दिवशीचं सारं कॅमेऱ्यात सापडलं."

"आपलं?" तिनं सूप खाली ठेवलं. "आपलं कायचं जी? तुमचं!"

"तू पहाऱ्यावर होती ना."

"म्या त्या अंगाले तोंड केलतं. म्या काईच नाई पाह्यलं. साहेबाले तसंच सांगजा."

बघा! सात जन्मांची सोबत, आणि पहिल्याच गुन्ह्यात माफीची साक्षीदार.

हे सगळं कुंपणापलीकडे गुणवंतभाऊनं ऐकलं. गुणवंतभाऊ म्हणजे आमचा शेजारी, वांग्यातला माझा प्रतिस्पर्धी आणि गावातला बिनडिग्रीचा वकील. त्याचा एक मेहुणा कोर्टात शिपाई आहे, त्यामुळे कायदा त्याच्या घरात नांदतो.

"गुरुजी, तीन कलमं लागतात," तो कुंपण ओलांडून आत येत म्हणाला. "सरकारी भिंत हे एक, सरकारी जागा हे दोन."

"अन् तिसरं?"

"दिवसाउजेडी केलं ना. अंधाराची सवलत नाई भेटत."

"मंग आता करू काय?"

"पीएसआय घरी याच्या आंदी आपन जायाचं. हजर व्हायाचं. लेखी माफी मांगायची. हातकड्या घालून गावातून नेलं, तं सोमवारची शाल कोनाच्या खांद्यावर पडन, सांगा बरं?"

त्याच्या डोळ्यांत ती शाल मला स्पष्ट दिसली. पण मुद्दा बरोबर होता.

त्या संध्याकाळी मी माफीनामा लिहायला बसलो. आयुष्यभर मुलांना अर्ज शिकवले, तेव्हा चूक कशी होणार? 'प्रति, माननीय पोलीस उपनिरीक्षक साहेब. विषय : भिंत ओली केल्याबाबत. महोदय, सविनय सादर करतो की, सदर कृत्य माझ्या हातून...' इथं अडलो. हातून कसं म्हणणार? खोडलं. 'माझ्याकडून घडले' असं लिहिलं. मग कारणमीमांसा. मग आजवरची समाजसेवा. मग भिंतीला स्वखर्चानं चुना मारून देण्याची तयारी. झाली चार पानं. शुद्धलेखनाची एक चूक नाही!

सकाळी सुमननं पिशवी भरून दिली. टॉवेल, चादर, दातांचा ब्रश, बी.पी.च्या गोळ्या, भाकर आणि ठेचा. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आत गेल्यावर कोनाशी शुद्धलेखनावरून भांडू नोका."

घरचं माणूस म्हणून गुणवंतभाऊ आला. चौकीपर्यंत माझ्या गाडीवर आला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसला. "तुमी व्हा पुढं. मी इथून लक्ष ठेवतो." एवढं त्याचं कायद्याचं प्रेम!

मी आत गेलो. पीएसआय साहेब पन्नाशी उलटलेले, शिपायापासून बढती घेत वर आलेले, नाकावर चष्मा. आपल्याच भागातले असावेत, कारण बोलले ते असं.

"या गुरुजी. काय काम काढलं?"

"साहेब, मी हजर झालो आहे."

"कायच्यासाठी?"

मी उभ्या उभ्या माफीनामा वाचायला सुरुवात केली. खणखणीत आवाजात, विरामचिन्हांसकट. पहिल्या पानावर साहेबांनी चष्मा काढला. दुसऱ्या पानावर दोन शिपाई दारात येऊन उभे राहिले. तिसऱ्या पानावर तक्रार द्यायला आलेली एक बाई तोंडात पदर कोंबून बसली. चौथ्या पानावर 'आपला नम्र' म्हणेपर्यंत आख्खी चौकी गोळा.

"गुरुजी," साहेब सावकाश म्हणाले, "तुमाले बोलावलं कोनं?"

"आपणच. फोन आला होता. कॅमेऱ्यात सापडलं म्हणून."

"मागच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यात? त्याची वायर उन्हाळ्यात माकडानं तोडली. तवापासून बंद हाय तो."

"म्हणजे... मला कोणी पाहिलंच नाही?"

"तवा नाई पाह्यलं. आता पाह्यलं. लेखी, चार पानं."

दारातला एक शिपाई भिंतीकडे तोंड करून हलू लागला. खोकतोय असं दाखवत होता बिचारा.

साहेबांनी माझा फोन मागितला. कालचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडून तीच बाई बोलली. आज पंप नव्हता, त्यामुळे शब्द अन् शब्द स्वच्छ.

"नमस्कार, युरॉलॉजी विभाग. हां, गुरुजी का? अहो, वाटच बघतोय तुमची. काल सांगितलं ना, तुमचा पीएसए हाय आलाय!"

पीएसए, हाय. पीएसएहाय. म्हणा बरं तुम्ही जोरात! काय ऐकू येतं?

"रक्ताची तपासणी असते काका, प्रोस्टेटची," ती बाई थांबेना. "ती हाय आलीये. आणि लघवीत इन्फेक्शन सापडलंय. लघवी अडखळत होते ना तुमची? थेंब थेंब? कपड्यात पण होते का कधी?"

मी फोनवर झडप घातली, पण तोवर तक्रारवाली बाई आपली तक्रार विसरून बाहेर पळाली होती. दोन्ही शिपाई एकमेकांच्या गळ्यात. जगात असा माणूस दुसरा दाखवा मला, ज्यानं आपला न उघडकीला आलेला गुन्हा स्वतः कबूल केला आणि वर आजारही चौकीत जाहीर करून घेतला!

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी शिपायांना बाहेर काढलं. दार लावलं. कडी घातली. मनात म्हटलं, कलम चौथं निघालं वाटतं!

साहेब खुर्ची ओढून अगदी जवळ आले. आवाज खाली.

"गुरुजी, रातचे किती वेळा उठता?"

"प... पाच."

साहेबांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"मी सहा."

मग त्यांनी मोकळं केलं मन. बंदोबस्ताला चार-चार तास उभं राहायचं, मंत्र्याची गाडी यायची आणि साहेबांची नजर रस्त्यावर नाही, झुडपांवर! घरी सांगितलं नाही, डॉक्टरला नाही. "आरोपी कबूल करत नाई तवा आमी दम देतो, अन् मी सोता वर्षभर कबूल नाई केलं. तुमी चार पानं लेहून आनली! तुमचा डॉक्टर कसा हाय? मले वर्ध्याले कामानं जायाचंच हाय. चला आत्ताच. पन गुरुजी, ही गोष्ट चौकीत, गावात, कोनालेच कळाले नाई पायजे. शब्द द्या."

मी दिला. मास्तरचा शब्द!

बाहेर जीप लागली. जीपची पायरी उंच, माझा पाय उचलेना. साहेबांनी दंडाला धरून, पाठीला हात लावून मला आत चढवलं. मांडीवर माझी चादर-टॉवेलची पिशवी. जीप निघाली तेव्हा टपरीवरचा गुणवंतभाऊ हातातला चहा तसाच टाकून माझ्या गाडीला किक मारताना दिसला. मी हात हलवला. तो त्याला वेगळाच वाटला असणार.

डॉक्टरांनी दोघांना पाहिलं. कसं पाहिलं, ते चहा घेताना सांगण्यासारखं नाही. हातमोजा होता एवढंच सांगतो. आयुष्यभर दुसऱ्यांना "हो तिकडं तोंड करून उभा" म्हणणारे साहेब, त्यांना डॉक्टर म्हणाले, "तिकडे तोंड करून झोपा." पडद्यामागून फक्त एकदाच "अगं माय" ऐकू आलं.

थट्टा सोडा, पण बाहेर बाकावर आम्ही दोघं घाबरलेलेच होतो. प्रोस्टेट म्हटलं की मनात येतो तो एकच आजार, आणि त्याचं नाव दोघंही घेत नव्हतो. मग डॉक्टरांनी आत बोलावून समजावलं. लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी सगळ्याच पुरुषांना असते, वयानं ती वाढते आणि वाट दाबते. पीएसए वाढला म्हणजे वाईटच असं नाही, जंतूंमुळेही वाढतो. मला जंतूंचं औषध दिलं, साहेबांना ग्रंथी सैल पडायची गोळी दिली आणि सहा आठवड्यांनी दोघांना पुन्हा बोलावलं.

"इतके दिवस का थांबलात?" डॉक्टरांनी विचारलं.

आम्ही दोघं शाळेत उशिरा आलेल्या मुलांसारखे खाली बघत उभे.

दुपारच्या बसनं हलक्या मनानं गावात उतरलो, तर घरासमोर ही गर्दी! मध्ये गुणवंतभाऊ उभा राहून सांगत होता, "धक्के देऊन जीपमधी कोंबलं हो गुरुजीले! म्या डोयानं पाह्यलं." सुमन ओट्यावर, शेजारणी तिच्या पाठीवरून हात फिरवताहेत. सरपंचबाई सुद्धा आलेल्या. मला पाहून सगळे एकदम वळले.

"सुटले?" कोणीतरी म्हटलं.

आता काय सांगणार? खरं बोलावं तर साहेबांना दिलेला शब्द मोडतो. खोटं बोलावं तर मास्तर. मी म्हणालो, "चौकशी होती थोडी."

झालं! 'थोडी' म्हटल्यावर गाव उरलेली चौकशी स्वतःच पूर्ण करतं. सुमनला मी रात्री साहेबांच्या आजाराचं तेवढं वगळून सगळं सांगितलं. ती उशीत तोंड खुपसून इतकी हसली, की शेजारच्यांना ती रडतेय असं वाटलं आणि सकाळी आणखी चार बाया भेटायला आल्या. सोमवारी सत्कार झाला. शाल गुणवंतभाऊच्या खांद्यावर पडली. त्यानं भाषणात माझा उल्लेख 'दिशाभूल झालेले सहकारी' असा केला.

औषधानं गुण आला. सहा आठवड्यांनी तपासणीला जायचं, तर साहेब दिलदार माणूस, जीप सरळ माझ्या दारात! "गुरुजी, चला!" गावानं दाराच्या फटीतून पाहिलं. 'दुसऱ्यांदा उचलला.' माझा पीएसए खाली आला होता, साहेबांना झोप लागू लागली होती. मग तीन महिन्यांनी पुन्हा जीप. 'तिसऱ्यांदा.' मी जितका बरा होत गेलो, तितका गावात अट्टल होत गेलो!

मग साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी फोन करून मला शब्दातून मोकळं केलं. त्याच सकाळी मी पारावर गेलो. आठ-दहा जण बसलेले, सगळे माझ्याच वयाच्या आगेमागे. काडीनं मातीत पिशवी काढली, खाली अक्रोड काढला, पीएसए म्हणजे काय ते फोड करून सांगितलं. भिंत, फोन, माफीनामा, काहीच लपवलं नाही. म्हटलं, "बापहो, कोनाले असा त्रास असन तं लाजू नोका. डॉक्टरले दाखवा."

सगळे खाली बघत होते. शेवटी आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे नत्थूबुवा काठी टेकवत उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले,

"गुरुजी, जेल झाली तं झाली. मोठ्या मोठ्यायले होते. पन थे लपवाले अशी घान बिमारी आंगावर घेऊ नये मानसानं. गावाची इज्जत जाते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं पायानं माझा अक्रोड पुसून टाकला.

मी एकदा समजावलं, दोनदा समजावलं. नंतर सोडून दिलं. परवा ग्रामपंचायतीत सरपंचबाईंनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि हळूच विचारलं, "गुरुजी, खरंखरं सांगा बरं, आत जेवन कसं असते?"

मी म्हटलं, "बरं असते. वरण थोडं पातळ असते."